कळसूबाईवर गारठा का?

नवरात्राचे दिवस होते. आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी कळसूबाईच्या दर्शनाला गेली. कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. साऱ्या महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे.

पायथ्याला बारी गाव आहे. तिथून मंडळी सकाळी निघाली. ऊन चांगले तापले होते. चढ चढता चढता सगळे घामाघूम झाले. मावशींनी अंगावरची शाल काढून पिशवीत टाकली. त्यांचा नातू तर सर्वांच्या पुढे पळत होता. लोखंडी शिड्या त्याने हसतखेळत पार केल्या.

माथ्यावर पोचले आणि सगळे पालटले. भणाण वारा सुटला होता. ढग अंगावरून जात होते. घामाने भिजलेले कपडे गार पडले. पोराला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. त्याला धड बोलता येईना.

मावशी घाबरल्या, पण गोंधळल्या नाहीत. पोराला देवळाच्या आडोशाला बसवले. त्याचा ओला सदरा काढला. अंग कोरडे पुसले. पिशवीतली शाल गुंडाळली आणि त्याला कुशीत घेतले. थोडा गूळ खायला दिला. घटकाभराने पोरगा हसला, तेव्हा मावशींच्या जिवात जीव आला.

मावशींचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी रात्री वर्ग भरला. मावशींचे व्याही पाथर्डीकडून आले होते. तेही वर्गात येऊन बसले. पाटी पुढे घेण्याआधीच मावशींनी विचारले,

“गुरुजी, एक कोडं सुटत न्हाई. चुलीजवळ सरकलं की शेक जास्त लागतो. मग डोंगर चढलो म्हंजी सूर्याच्या जवळच गेलो ना? तिथं ऊन जास्त लागायला पायजे. उलटं पोर काकडलं. असं का?”

गुरुजी म्हणाले, “मावशी, प्रश्न नामी आहे. पण आधी हे पाहू, की आपण सूर्याच्या किती जवळ गेलो?”

सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. कळसूबाईची उंची दीड किलोमीटरहून थोडी जास्त. आता असे समजा, की एक वारकरी आळंदीहून पंढरपूरला पायी निघाला. ही वाट अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तो ज्वारीच्या एका दाण्याहूनही कमी पुढे सरकला. तो पंढरपूरच्या जवळ आला असे कोणी म्हणेल काय? कळसूबाई चढून आपण सूर्याच्या जवळ जातो, ते एवढेच.

मावशी हसल्या. “म्हंजी जवळ गेलोच न्हाई म्हणा की!”

जाळ, तवा आणि भाकरी

“आता दुसरी गोष्ट,” गुरुजी म्हणाले. “मावशी, भाकरी कशावर भाजता?”

“तव्यावर.”

“जाळ तर चुलीत असतो. तो आधी कुणाला लागतो?”

“तव्याला. तवा तापला की भाकरी भाजती.”

हवेचेही असेच आहे. सूर्य हा जाळ. जमीन हा तवा. हवा ही भाकरी. उन्हाचा बराच भाग हवेतून आरपार खाली येतो, जसा काचेतून येतो. हवा त्या उन्हाने फारशी तापत नाही. तापते ती जमीन. चैत्रातल्या दुपारी अनवाणी चालून पाहा. पाय पोळतात. त्या तापलेल्या जमिनीला लागून असलेली हवा मग गरम होते. म्हणजे हवा वरून तापत नाही. ती खालून तापते. तव्यापासून जितके लांब जावे, तितका शेक कमी.

नातू चटकन म्हणाला, “गुरुजी, माथ्यावर पण खडक हाय की. तो पण तवाच ना?”

“शाब्बास!” गुरुजी म्हणाले. “तो खडकही उन्हात तापतो. हात लावलास तर कळेल. पण तो तवा केवढासा? भोवती सगळी मोकळी, गार हवा. खडकाजवळची हवा जरा तापली, की वारा तिला घेऊन जातो आणि दुसरी गार हवा आणून घालतो. एका पणतीने अंगण तापत नाही, तसेच हे.”

गरम हवा वर जाते, मग वर ऊब का नाही?

इतका वेळ व्याही गप्प ऐकत होते. ते आता बोलले.

“गुरुजी, तुमचं पटतं. पण चुलीचा धूर वर जातो. गरम हवा वर चढती, हे आमाला ठावं हाय. खालची तापलेली हवा रोज वर जात असंल, तर वर ऊब साठली पायजे. ती जाती कुठं?”

गुरुजी म्हणाले, “पाव्हणे, तुम्ही नेमक्या गाठीवर बोट ठेवलेत. हीच गाठ सोडवायची आहे.”

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हवेला वजन असते. शेतातली कडब्याची गंज डोळ्यांपुढे आणा. तळाच्या पेंढ्यांवर साऱ्या गंजीचा भार असतो. त्या दबून घट्ट होतात. वरच्या पेंढ्यांवर भार नसतो. त्या सैल राहतात. हवेची गंजही अशीच आहे. खालच्या हवेवर वरच्या साऱ्या हवेचा दाब असतो, म्हणून ती दाट असते. वर जावे तसा दाब कमी होतो आणि हवा विरळ होते. समुद्रकाठी हवेचा दाब १०० भाग धरला, तर कळसूबाईच्या माथ्यावर तो सुमारे ८२ भाग उरतो.

आता खालची हवा वर निघाली. वर दाब कमी. मग ती काय करील? ती फुगेल, पसरेल. पसरताना तिला भोवतालची हवा बाजूला ढकलावी लागते. हे काम आहे. कामाला ताकद लागते. ती ताकद तिला बाहेरून कोणी देत नाही. ती स्वतःजवळची ऊब खर्च करते. वाटसरू गाठीची शिदोरी खात खात डोंगर चढतो. माथ्यावर पोचेतो फडके रिकामे होते. चढणाऱ्या हवेचेही तसेच आहे. ती ऊब घेऊन निघते, पण वाटेत खर्चून बसते.

व्याह्यांच्या चेहऱ्यावर शंका दिसली. गुरुजी उठले. बाहेरून सायकल आणि हवा भरायचा पंप घेऊन आले.

सायकलच्या पंपाची साक्ष

गुरुजींनी नातवाला हवा भरायला लावले. त्याने जोराने वीस-पंचवीस वेळा दट्ट्या मारला.

“आता पंपाच्या बुडाला हात लावा,” गुरुजी म्हणाले.

“चांगलं गरम झालंय!” व्याही म्हणाले.

दट्ट्या नळीत घासतो, त्याने थोडी ऊब येते. पण मुख्य कारण वेगळे आहे. हवा दाबली गेली, की ती गरम होते.

मग गुरुजींनी ट्यूबचा वॉल्व्ह दाबला. फुस्सकन हवा सुटली. मावशींनी त्या हवेपुढे बोट धरले.

“अगं बया, गार लागती!”

दाबलेली हवा मोकळी झाली, पसरली आणि गार झाली. ट्रॅक्टरच्या टायरमधली हवा सोडतानाही हा गारवा हाताला लागतो.

गुरुजींनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या.

हवा दाबली की तापते.
हवा पसरली की गार होते.

सगळ्यांनी त्या मोठ्याने वाचल्या. मावशींनी पाटीवर उतरवूनही घेतल्या.

किती उंचीला किती गारवा?

कोरडी हवा वर चढली, तर दर १,००० मीटरला सुमारे १० अंश गार होते. ओलसर हवेत ढग धरू लागला, की हा वेग कमी होतो. कारण वाफेचे पाणी होताना थोडी ऊब बाहेर पडते. सगळ्या गोष्टींची सरासरी काढली, तर दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशोब करू. २०२४ साली जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. फरक सुमारे १,००० मीटरांचा. म्हणून एकाच दुपारी नगरमध्ये ३० अंश असेल, तर माथ्यावर २३ ते २४ अंशांच्या आसपास असावे. रोज नेमके इतकेच असेल असे नाही. ढग, वारा आणि पाऊस यांनी फरक पडतो.

आणखी वर गेले तर? एव्हरेस्ट शिखर ८,८४९ मीटर उंच आहे. तिथे बारा महिने बर्फ असते. विमाने १० किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून जातात. तिथे बाहेरची हवा शून्याच्याही खाली सुमारे ५० अंश असते. विमान सूर्याकडे गेलेले असते, पण जमिनीच्या तव्यापासून लांब गेलेले असते.

“मग सहा-सात अंशांत माझं पोर एवढं काकडलं कसं?” मावशींनी विचारले.

तिथे गारव्याला दोन जोडीदार मिळाले. एक ओले कपडे आणि दुसरा वारा. ओले कापड वाळताना अंगातली ऊब ओढून घेते. वारा ते काम आणखी वेगाने करतो. म्हणून डोंगरावर जाताना कोरडा कपडा आणि घोंगडी किंवा शाल जवळ ठेवावी. कोणी काकडला, तर मावशींनी केले तेच करावे. ऊब येईल म्हणून दारू कधीच देऊ नये. दारूने अंगातली ऊब उलट लवकर जाते. माणूस पेंगू लागला किंवा त्याची जीभ अडखळू लागली, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

थंडीत खोलगट रान जास्त गार का?

वर्गातला एक शेतकरी म्हणाला, “गुरुजी, पौषात आमच्या ओढ्याकाठच्या रानात लई गारठा असतो. वरच्या माळावर तेवढा नसतो. हे तर उलटं झालं!”

हेही खरे आहे. हिवाळ्यात आभाळ मोकळे असते. वारा पडलेला असतो. रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते आणि भरभर निवते. म्हणजे तवाच गार पडतो. त्याला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि खोलगट जागी साचते. म्हणून अशा रात्री खाली जास्त गारठा आणि थोडे वर कमी. सकाळी ऊन आले, तवा तापला, की पुन्हा नेहमीचा नियम सुरू होतो.

हे जाणणारा शेतकरी नाजूक रोपांचे वाफे खोलगट जागी करत नाही. निफाडकडे द्राक्षांचे बागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते याच साचलेल्या गारठ्यामुळे.

“आमचं काय पाप?”

आता व्याही पुन्हा बोलले. त्यांचा आवाज जड झाला होता.

“गुरुजी, मी इथं आलो तर चहूकडं हिरवं. ओढे वाहतात. आमच्याकडं आषाढात ढग येतात. डोक्यावरून जातात. थेंब पडत न्हाई. इहीणबाईंची लेक माझी सून हाय. ती हंडा घेऊन टँकरची वाट बघती. एकाच जिल्ह्यात हे असं का? लोक म्हणतात, गावाचं पाप. आमचं काय पाप?”

वर्ग गप्प झाला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

गुरुजी म्हणाले, “पाव्हणे, पाप कुणाचेच नाही. ही त्या पंपाचीच करणी आहे. नीट ऐका.”

पावसाळ्यात समुद्रावरून ओलसर वारे येतात. कोकण ओलांडून ते सह्याद्रीला येऊन धडकतात. पुढे कड्याची भिंत. मग वारे वर चढू लागतात. वर चढले की हवा पसरते. पसरली की गार होते. गार हवेत वाफ मावत नाही. बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच वाफेचे बारीक थेंब होतात. ढग दाटतात. पाऊस कोसळतो. म्हणून घाटघर आणि रतनवाडीकडे पाऊस धो धो पडतो. ज्या गारव्याने पोर काकडले, तोच गारवा ढगातून पाणी काढतो.

वारे घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे जातात, तेव्हा त्यांच्यातले बरेच पाणी सांडून गेलेले असते. शिवाय आता ते खाली उतरतात. खाली उतरणाऱ्या हवेवर दाब वाढतो. दाबली की हवा तापते, जसे पंपाचे बूड तापले. तापलेल्या हवेत वाफ पुन्हा विरून जाते. ढग विरळ होतात. डोक्यावरून जातात, पण बरसत नाहीत. अशा मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया म्हणजे सावली. भिंतीच्या आड ऊन लागत नाही, तसा डोंगराच्या आड पाऊस लागत नाही.

घाटघरपासून नगर शहर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर. तिथे वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो. घाटघरला त्याच्या कित्येक पट होतो. पूर्वेच्या तालुक्यांना भाद्रपद-आश्विनातला पाऊस हात देतो. तो चुकला, की विहिरी कोरड्या पडतात.

व्याही बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी डोंगर हलवता येत न्हाई.”

“डोंगर हलवता येत नाही,” गुरुजी म्हणाले. “पण पाणी अडवता येते.”

घाटावर पडलेले पाणी अडवण्यासाठी प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण बांधले. ते १९२६ साली पुरे झाले. कळसूबाईच्या शेजारी पडलेल्या पावसावर आज संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडची रानं भिजतात. आणि जिथे कालवा पोचत नाही, तिथेही हात बांधून बसावे लागत नाही. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. दोन्ही गावे डोंगराच्या सावलीतली. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने काम झाले. हिवरे बाजारात १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने झाले. लोकांनी चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पडेल ते पाणी जमिनीत मुरवले आणि ते जपून वापरले. पाऊस वाढला नाही. पण विहिरींना पाणी आले.

व्याही उठले. मावशींना म्हणाले, “इहीणबाई, पुढच्या खेपेला सुनेला बी घेऊन येतो. तिला हे दोन शब्द वाचून दाखवा.” त्यांनी फळ्याकडे बोट केले.

मावशी म्हणाल्या, “वाचून कशाला दाखवू? तिलाच वाचायला लावू.”

ध्यानात ठेवा

१. हवा वरून नव्हे, जमिनीमुळे खालून तापते.
२. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो.
३. चढणारी हवा पसरते आणि गार होते. उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते.
४. दर १,००० मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो.
५. याच कारणाने घाटावर पाऊस जास्त पडतो आणि डोंगराच्या आड कमी पडतो.

करून पाहा

सायकलच्या पंपाने हवा भरा. पंपाच्या बुडाला हात लावा. मग वॉल्व्ह दाबून हवा सोडा आणि पुढे बोट धरा. काय फरक वाटला, तो तीन ओळींत लिहा.

प्रश्न

१. कळसूबाईची उंची किती आहे? ते शिखर कोणत्या तालुक्यात आहे?
२. जाळ, तवा आणि भाकरी म्हणजे इथे काय काय?
३. पोराला हुडहुडी भरली, तेव्हा मावशींनी काय केले?
४. हिवाळ्याच्या रात्री खोलगट रानात जास्त गारठा का असतो?
५. तुमच्या गावात पावसाचे पाणी कुठे अडवता येईल? घरच्यांना विचारा आणि जागांची नावे लिहा.

शब्दांचे अर्थ

विरळ – दाट नसलेले
दाब – भार, रेटा
दट्ट्या – पंपात खालीवर होणारा दांडा
समुद्रसपाटी – समुद्राच्या पाण्याची पातळी. उंची इथून मोजतात
पर्जन्यछाया – डोंगराच्या आड असल्याने पाऊस कमी पडतो तो भाग